‘रातवा’ तपासायला डोळे हवेत

प्रोग्रामची चौथी आवृत्ती पूर्ण झाली आणि आता एकटीने पुढे जाण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून हे लिहितेय. प्रोग्रामचं नाव रातवा, जमिनीवर लपून बसणाऱ्या एका पक्ष्यावरून. फुकट आहे आणि फुकटच राहणार. काम एकच करतो, तुम्ही माळाचा, रानाचा, ओढ्याकाठचा फोटो द्यायचा आणि तो सांगतो की इथे लपून बसायचं असेल तर कापडावर कुठले चार-पाच रंग हवेत, कुठला किती हवा, आणि तो रंग दुकानात मिळणाऱ्या फॅब्रिक कलरमधून कसा जमवायचा. माझ्यासारखे जे लोक सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायला जातात आणि स्वतःची हाइड, म्हणजे आत लपून बसायचा कापडी आडोसा, स्वतः शिवतात त्यांच्यासाठी केलाय.

मी इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये शेड मॅचिंग करते, ११ वर्षं झाली. पार्टीकडून कापडाचा तुकडा येतो, त्याला जुळणारा लॅब डिप, म्हणजे रंगवलेला नमुना, काढायचा, लाइट बॉक्समध्ये आधी डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडाखाली, मग दुकानातल्या ट्यूबसारख्या टीएल८४ खाली, मग पिवळ्या बल्बखाली धरून बघायचं, स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रावर, डेल्टा ई म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा काढायचा, एकच्या आत आला तर शेड पुढे जाते नाहीतर परत रेसिपी. दिवसभर हेच. त्यामुळे रविवारी दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला माळावर बसलं तरी डोळे तेच काम करतात, हे गवत कुठल्या शेडचं, ही माती कुठल्या.

आणि तिथेच मला पहिल्यांदा जाणवलं की तयार मिळणाऱ्या हाइडच्या कापडावर जो हिरवा असतो तो आपल्या माळाचा हिरवा नाहीच. ती दाट, ओल्या जंगलाची पानं आहेत. आपला माळ चार महिने हिरवा, दसरा-दिवाळीच्या सुमारास पिवळा पडायला लागतो, शिमग्याला तांबूस आणि चैत्रात तर जवळजवळ पांढरा. एकच कापड वर्षभर चालणार कसं? काही जण मिलिटरी प्रिंट घेतात, त्यांना मी हात जोडून सांगते घेऊ नका. १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनाला आपल्या लष्कराने जे नवं डिझाइन आणलं ते त्यांच्या नावावर रजिस्टर आहे, आणि ते सोडलं तरी रानात तसले कपडे घालून फिरलं की गावातली माणसं आणि वनखात्याची माणसं दोघंही बिचकतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणूनच रातवा पॅटर्न देत नाही, फक्त रंग देतो.

पहिली आवृत्ती घेऊन मी जी हाइड रंगवली तिची गोष्ट सांगायलाच हवी कारण पुढचं सगळं तिच्यातून आलंय. डिसेंबर होता. फोनने माळाचा फोटो काढला, प्रोग्रामने पाच रंग दिले, आठवडाभर संध्याकाळी बसून मांजरपाट रंगवला, बांबूच्या काठ्यांवर ताणला आणि पहाटे जाऊन बसले. टिटवीने तासभर डोकं उठवलं, एकही चंडोल जवळ आला नाही. नऊच्या सुमारास एक धनगर मामा मेंढरं घेऊन आले, थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, आत हाय न्हवं कोण तरी? पार वढ्यापासनं दिसतीया तुमची खोपी.” मी बाहेर आले, विचारलं मामा कशानं दिसतेय. त्यांनी एकदा कापडाकडे बघितलं, एकदा माळाकडे. “गवात वाळून कोळ झालंय आन् तुमची खोपी अजून श्रावणातच हाय.”

मी घरी जाऊन फोटो उघडला. श्रावणातच होता. आजकालचे फोन फोटोत गवत ओळखतात आणि आपल्याला बरं दिसावं म्हणून त्याचा हिरवा वाढवतात, आभाळाचा निळा वाढवतात. प्रोग्रामने काही चूक केली नव्हती, त्याला जो माळ दाखवला त्याचे रंग त्याने बरोबर काढले, फक्त तो माळ कुठे अस्तित्वातच नव्हता. तेव्हापासून नियम केला की फोनचा सीन मोड बंद, एचडीआर बंद, जमत असेल तर रॉ, म्हणजे फोनने न सजवलेला फोटो, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात राखाडी कार्ड हवंच. फोटोग्राफीच्या दुकानात जे १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड मिळतं ते. पांढरा कागद चालत नाही. साध्या ए४ कागदात ब्राइटनर, म्हणजे पांढरा जास्त चमकावा म्हणून घातलेलं रसायन असतं, त्यामुळे तो उन्हात निळसर मारतो, आणि त्याला पांढरा धरून फोटो दुरुस्त केला की अख्खा माळ पिवळट होतो. हे मी करून बघितलंय.

दुसरी चूक मिश्रणाची होती आणि ती मला कळायला हवी होती कारण माझं पोटच त्यावर आहे. स्क्रीनवर निळा आणि पिवळा यांची सरासरी काढली तर राखाडी येतो. तेच दोन रंग वाटीत कालवले तर हिरवा येतो. स्क्रीनवर उजेड मिसळतो, वाटीत मात्र प्रत्येक रंग थोडा थोडा उजेड गिळतो आणि जो उरतो तो आपल्याला दिसतो. पहिल्या आवृत्तीत मी सरळ आकड्यांची सरासरी टाकली होती म्हणून प्रोग्राम म्हणायचा एवढा पिवळा एवढा निळा घ्या, राखट होईल, आणि वाटीत हिरवागार. आता तिथे कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ मध्ये मांडलेलं गणित आहे, रंगाने किती उजेड शोषला आणि किती परत फेकला याच्यावर चालणारं, आमच्या लॅबमधलं रेसिपीचं सॉफ्टवेअरही त्याच पायावर उभं आहे. जमतंय. पण मी फक्त १४ फॅब्रिक कलर मोजून आत भरलेत, तेही सगळे आमच्या इथल्या एकाच दुकानातले.

रंग निवडायची पद्धत थोडक्यात सांगते, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. फोटोतला प्रत्येक ठिपका आधी सीआयई लॅब या रंगांच्या मापात नेतो, कारण त्यात दोन रंगांमधलं अंतर साधारण डोळ्याला जेवढं वाटतं तेवढंच येतं. मग के-मीन्स या गणिती पद्धतीने त्यांचे पाच-सहा गट पाडतो. गटाचा मध्य काढला की एक गंमत होते, पिवळं गवत आणि त्याच्या बुडातली सावली एका गटात पडली तर मध्ये एक गढूळ तपकिरी तयार होतो, जो त्या माळावर कुठेच नाही. म्हणून आता मी मध्य घेतच नाही, त्या मध्याच्या सगळ्यात जवळचा खरा ठिपका घेते. एवढ्या एका बदलाने कापड जिवंत दिसायला लागलं. आणि सावलीचा काळपट रंग फोटोत थोडाच असला तरी तो मुद्दाम राखून ठेवते, कारण गवताच्या बुडातला अंधार नसेल तर कापड म्हणजे नुसती भिंत.

चौथ्या आवृत्तीची हाइड घेऊन या फेब्रुवारीत त्याच जागी बसले. मेंढरं आली, माझ्या दोन्ही बाजूंनी चरत गेली. मामा मागून आले आणि दहा-बारा पावलांवर थांबून कुत्र्याला हाका मारत राहिले, कुत्रं मात्र माझ्याकडे तोंड करून उभं. नाकाला काय फसवणार. पण मामांनी बघितलं नाही, आणि मला त्या दिवशी काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तरीही हे सगळं एका माळावर, एका फोनवर, एका बाईच्या डोळ्यांवर झालंय. म्हणून तुम्ही हवे आहात.

मला कोकणातला जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार हवंय, पावसाआधीचा काळा आणि पावसानंतरचा. विदर्भातलं सागाच्या पानांचं रान हवंय, मराठवाड्यातली भेगाळलेली काळी जमीन हवीय, उजनीच्या काठचा भिगवणचा चिखल हवाय, जिथे रोहित (फ्लेमिंगो) बघायला आपण सगळेच जातो. महाराष्ट्राबाहेर असाल तर आणखी चांगलं, कच्छ, लडाख, कॅनडा, कुठेही, कारण माझ्या प्रोग्रामने बर्फ बघितलेला नाही आणि मला मनापासून वाटतं की तो तिथे गडबडणार. फोन जितके जुने, जितके वेगवेगळे तितकं बरं.

आणि एक खास विनंती. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्यांनी नक्की या. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून पुरुषांमध्ये हे बरंच जास्त आढळतं, आणि आमच्या धंद्यात अशा माणसाला लॅबमध्ये घेत नाहीत, टेस्ट घेऊनच घेतात. पण लपलेली गोष्ट शोधायची असेल तर हेच डोळे कधी कधी वरचढ ठरतात. १९९२ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात रंगांच्या गोंधळात लपवलेला आकार आपल्यासारख्यांना दिसला नाही तो या लोकांनी ओळखला, कारण रंग त्यांना फसवत नाही, ते पोत बघतात. माझ्या चुलतभावाला हाच त्रास आहे. त्याला मी तिसऱ्या आवृत्तीची हाइड दाखवली, मला गवतात दिसेना आणि तो म्हणाला ताई तो चौकोन आहे की. तेव्हा कळलं की रंग जुळले होते पण ठिपक्यांचा आकार गवतापेक्षा मोठा झाला होता. हरणांनाही लाल-हिरवा आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, त्यामुळे सागरेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणी बसणाऱ्यांना तर त्याच्यासारख्यांचाच डोळा उपयोगी.

पक्ष्यांचं अजून अवघड आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी, त्यांच्या डोळ्यात चार, आणि कितीतरी पक्ष्यांना अल्ट्राव्हायोलेटही दिसतो. फोनचा कॅमेरा तो पकडत नाही, म्हणजे रातवाही तिथे आंधळा आहे, हे मी स्पष्टच सांगते. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. नोटा तपासायची जांभळी टॉर्च घ्या आणि रात्री अंधारात कपाटातल्या शर्टांवर मारा. पांढरे तर चमकतीलच, पण धुऊन धुऊन तुमचा खाकी सुद्धा निळा चमकेल, कारण पावडरमध्ये ब्राइटनर असतो, तो न दिसणारा उजेड पिऊन निळा बाहेर टाकतो. आमच्याकडे सफेद कापडाला तो मुद्दाम मारतात, ओबीए म्हणतात त्याला. तेव्हा हाइडसाठी कोरं कापड घ्या, आमच्या भाषेत ग्रे, म्हणजे राखाडी नव्हे तर ब्लीच न झालेलं, आणि रंगवल्यावर नुसत्या पाण्यात धुवा.

काम काय करायचं ते सांगते. एकाच जागेचे तीन फोटो, सकाळी, दुपारी आणि ढगाळ असताना, कार्ड ठेवून. प्रोग्राम जे रंग देईल ते एका हातरुमालाएवढ्या कापडावर उठवायचे, ते कापड त्याच जागी टाकायचं आणि १० मीटर आणि ३० मीटरवरून ज्याला जागा माहीत नाही अशा कुणाला तरी शोधायला लावायचं. मुलं असतील तर उत्तम, मुलं खोटं कौतुक करत नाहीत. किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचं. झांबियात रातव्यांच्या अंड्यांवर संशोधन करणाऱ्यांनी असंच केलं होतं, लपलेल्या पक्ष्यांचे फोटो इंटरनेटवर खेळ म्हणून टाकले, साध्या लोकांनी ते शोधले आणि किती वेळ लागला ते मोजलं. अंड्यांवर बसलेल्या रातव्याच्या पिसांची नक्षी आसपासच्या जमिनीशी जास्त जुळली तर अंडी जास्त वाचतात हे त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. माझ्या प्रोग्रामचं नाव तिथूनच आलंय. सापडला नाही तर नाही सापडला असं लिहा, लगेच सापडला तर तसं लिहा, मला लगेच सापडलेलंच जास्त उपयोगी आहे.

दोन गोष्टींवर मी अजिबात ऐकणार नाही. घरट्याजवळ चाचणी करायची नाही, विणीच्या हंगामात तर त्या भागात जायचंच नाही, आपलं कापड कितीही चांगलं असलं तरी. आणि मला फोटो पाठवण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाकायचं. रातवा तुमच्या कॉम्प्युटरवरच चालतो, इंटरनेट लागत नाही, तो कुठे काही पाठवत नाही, पण फोटोत जागेचे आकडे राहिले आणि तो फोटो चार हातांत फिरला तर माळटिटवीच्या अंड्यांपर्यंत माणसं पोचायला वेळ लागत नाही. शिकारीसाठी कुणी हे वापरत असेल असं कळलं तर त्याला मी परत काही देणार नाही.

फोन वेगळे, उजेड वेगळा, मग सगळ्यांचे आकडे एकमेकांशी लावायचे कसे, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. शेवटी मालकांना विचारून लॅबमध्ये रविवारी थांबले आणि २० जणांना पुरतील एवढे कापडाचे तुकडे रंगवले, प्रत्येकाला तेच पाच, वाळलेलं गवत, तांबडी माती, काळी माती, बाभळीचं खोड आणि एक राखाडी, सगळे स्पेक्ट्रोवर मोजलेले. ते तुम्ही पहिल्या फोटोत कार्डाशेजारी ठेवायचे म्हणजे तुमचा फोन कुठला रंग किती ओढतो ते मला कळेल. पहिली फेरी दसऱ्यापासून, गवत हिरव्याचं पिवळं होत असतं तेव्हा. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच कळवा, गाव, फोन कुठला आणि आसपास जमीन कशी आहे एवढंच सांगा. तुकडे पोस्टाने येतील, ते उन्हात ठेवू नका, इस्त्री करू नका आणि घरात कुणी हौसेने पावडरमध्ये टाकणार नाही याकडे लक्ष द्या.