न तपासलेला ५५

नवशिक्यांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते मी. त्या दिवशी लिस्ट, म्हणजे क्रमाने मांडलेली यादी, आणि तिच्यातली एकेक गोष्ट ओळीने हातात घेणारा फॉर लूप यांचा सराव होता. सहा आकड्यांच्या लिस्टवर लूप फिरवायचा आणि ४० पेक्षा कमी असलेला प्रत्येक आकडा रिमूव्हने काढून टाकायचा. माझ्या सरावपत्रिकेत आकडे होते ४२, ३१, ६७, २८, ५५, १९. सगळ्यांचं उत्तर आलं ४२, ६७, ५५. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा ३१ गेलाच नाही."

तिने आकडे भराभर टाइप करताना क्रम बदलला होता: ४२, २८, ३१, ६७, १९, ५५. बाकी कोड अक्षर न् अक्षर सगळ्यांसारखाच. एररही नाही. मी तिची अट वाचली, इंडेंटेशन, म्हणजे ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा, पाहिलं. सगळं जागच्या जागी.

लूपच्या आत पहिल्याच ओळीत प्रिंट टाकायला सांगितलं, म्हणजे लूप हातात घेतो तो प्रत्येक आकडा स्क्रीनवर दिसेल. छापून आले ४२, २८, ६७, १९. चारच! लूपने ३१ पाहिलाच नव्हता. आणि ५५ सुद्धा नाही. तो उत्तरात हवाच होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

मग माझ्याच लिस्टवर प्रिंट लावून पाहिलं. ४२, ३१, २८, १९. म्हणजे ६७ आणि ५५ न तपासताच उत्तरात बसले होते. हीच पत्रिका मी आधीच्या कितीतरी बॅचना दिली होती आणि दर वेळी "बरोबर" म्हणून पुढे गेले होते. मला फार वाईट वाटलं.

कारण फळ्यावर समजावण्यापेक्षा आम्ही टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या. लिस्टवर फिरणारा लूप आतल्या आत एक इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, धरून चालतो: ०, १, २. चिठ्ठ्यांवर तो आम्ही बोटाने दाखवला. इंडेक्स १ वरची २८ ची चिठ्ठी उचलली, की मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात. ३१ येतो १ वर, पण बोट तोवर २ वर पोचलेलं असतं. तिथे ६७. एका मुलाने स्वतः बोट फिरवलं आणि ३१ वरून उडी पडली तसा "अरे!" म्हणून थांबला. ते पाहताना मला जो आनंद झाला, तो सरळ आलेल्या उत्तरांनी कधी दिला नव्हता.

उपाय मी सांगितला: जुन्या लिस्टला हात लावायचा नाही. रिकामी नवी लिस्ट घ्यायची आणि ४० किंवा त्याहून मोठे आकडे तिच्यात अपेंड करायचे, म्हणजे शेवटी जोडत जायचे. नवशिक्याला मी हाच मार्ग देईन. वाचताना लगेच कळतो.

ती मुलगी मात्र अजून चिठ्ठ्यांकडेच बघत होती. "मॅडम, बोट शेवटून पुढे आणलं तर?"

चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. ५५ राहिला. १९ उचलला, तेव्हा सरकला फक्त ५५, आणि तो आधीच तपासून झाला होता. मग ६७, ३१, २८, ४२. सहाही आकड्यांवर बोट टेकलं.