ह्वांगे: दुष्काळात जाणार असाल तर

झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात बारमाही नदी नाही. जंगल 14,600 चौ. किमीहून मोठं, हत्ती 45,000च्या आसपास, आणि कोरड्या महिन्यांत सगळी मदार बोअरच्या पाण्यावर. आम्ही गेलो 2024च्या ऑक्टोबरात. एल निनोमुळे आधीच्या पावसाने दगा दिला होता आणि एप्रिलमध्येच देशात राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली होती.

उद्यानातल्या मेन कॅम्प या मुक्कामाच्या तळाजवळ न्यामांडलोवू पाणवठ्यावर मचाण आहे. दुपारी गाडी फिरवत बसण्यापेक्षा तिथेच ठिय्या द्या. हत्तींना समोरचं गढूळ पाणी नको असतं, पंपाचं ताजं पाणी पडतं तिथेच सोंड लावायची असते. त्या हातभर जागेसाठी रेटारेटी चालते. एक पिल्लू पुन्हा पुन्हा आत घुसायला बघायचं आणि दरवेळी बाजूला ढकललं जायचं. शेवटी त्याच्या आईने अंग मध्ये घालून त्याला जागा करून दिली. तिची कानशिलं आत गेलेली, खांद्याची हाडं वर आलेली. बघवत नव्हतं.

पाणी आहे, मग जनावरं मरतात कशानं? बरीचशी भुकेनं. पाणवठ्याभोवतीचा चारा केव्हाच संपलेला असतो. मोठा हत्ती दिवसाला 200 लिटरपर्यंत पाणी पितो, त्यामुळे पाणी सोडून त्याला फार लांब जाता येत नाही. चारा एकीकडे, पाणी दुसरीकडे. या हेलपाट्यांत पिल्लं आणि म्हातारी जनावरं आधी कोसळतात. 2023च्या अखेरीस इथे किमान 100 हत्ती गेले. नुसते बोअर वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. नव्या पाण्यावरही हत्ती जमतात आणि तिथलंही रान ओरबाडलं जातं.

व्हिक्टोरिया फॉल्स शहरातून मेन कॅम्प साधारण 200 किमी. किराणा आणि डिझेल शहरातूनच भरून घ्या, अमेरिकन डॉलरच्या छोट्या नोटा ठेवा. आतले रस्ते वाळूचे, फोर बाय फोरच हवी. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर यलो फीवरची लस किमान 10 दिवस आधी घ्या. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो, प्यायचं पाणी भरपूर ठेवा.

हत्तींच्या पाण्याकडे जाणाऱ्या वाटेत गाडी उभी करू नका. तहानलेला कळप तुमच्यामुळे अडला तर ते तुम्हालाही महागात पडेल. मेलेल्या जनावराजवळ उतरू नका, सिंह किंवा तरस आसपास असतात आणि अँथ्रॅक्सचाही धोका असतो. पडलेलं जनावर दिसलं तर जागा नीट लक्षात ठेवून रेंजरना सांगा, स्वतः पाणी पाजायला जाऊ नका.

हे सगळं बघवणार नाही म्हणून जाणं मात्र टाळू नका. इथल्या उद्यानांचा खर्च मुख्यतः पर्यटकांच्या शुल्कातून निघतो आणि पंप चालू ठेवायला तोच पैसा लागतो.