उघडून बघितलं की घट्टच

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉब बहुतेक पंपांचे आणि हायड्रॉलिकचे. त्या पावसाळ्यात मात्र आमच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये उपग्रहावरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या कूलिंगचं चाचणी-मॉडेल होतं. कूलरच्या जागी द्रव नायट्रोजन, म्हणजे ७७ केल्विन (उणे १९६ अंश सेल्सिअस).

कोल्ड फिंगरच्या, म्हणजे गारवा पोचवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला ८० केल्विन, त्याला बोल्टनं जोडलेल्या डिटेक्टरच्या (इन्फ्रारेड टिपणाऱ्या भागाच्या) ब्लॉकवर ९७. हीटरचा भार जेमतेम अर्धा वॅट. एकाच जोडात १७ अंश म्हणजे तिथं पकड नाही. पण लगेच उघडता येत नाही. जुलैत आमच्या हवेला ओल एवढी असते की गार असताना उघडलं तर इन्सुलेशनच्या थरांत पाणी धरतं आणि पुढचा पंपडाऊन (चेंबरमधली हवा उपसणं) रखडतो. आधी सगळं गरम करायचं, मग कोरडा नायट्रोजन सोडून दार उघडायचं.

फिटर मामांनी जोडाच्या बोल्टना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) लावला. "घट्ट आहेत की ओ सगळे!"

होतेच. ते गार होताना सैल होत होते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, २० मिमी जाड; त्यातून एम-४ (४ मिमी) स्टेनलेस बोल्ट खालच्या तांब्यात. ७७ केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम सुमारे ०.३९ टक्के आकसतं, ३०४ स्टेनलेस ०.२८. म्हणजे २० मिमीला ०.०२२ मिमीचा फरक. बोल्ट २०० मेगापास्कलला आवळला तर तो लांबतो जेमतेम ०.०२ मिमी. पकड गेली सगळी! शिवाय व्हॅक्यूममध्ये फटीतून उष्णता न्यायला हवाही नाही, त्यामुळे साध्या हवेत केलेली चाचणी इथं फसवते.

पार्टीचं म्हणणं, जोडात इंडियम या मऊ धातूची फॉइल घाला. इंडियम पृष्ठभागावरचे खड्डे भरतं, सुटलेला बोल्ट धरत नाही. उलट दाबाखाली हळूहळू पसरतं आणि ताण अजून उतरतो.

इलाज दोन. एक, बोल्टच्या डोक्याखाली इन्व्हार या लोखंड-निकेल मिश्रधातूची कॉलर: ते जवळपास आकसतच नाही, बोल्ट मात्र कॉलरच्या लांबीइतका जास्त आकसतो. हिशेब ९ मिमीच्या आसपास येतो. पण इन्व्हार चुंबकीय, आणि जवळ सेन्सर असेल तर नको. म्हणून दुसरा इलाज, डिस्क स्प्रिंग वॉशर (बशीसारखे, स्प्रिंगसारखे दबणारे) घेतले. दबलेला वॉशर काही दशांश मिमी उसळू शकतो, त्याला ०.०२ काहीच नाही. मात्र पूर्ण चपटा होईपर्यंत आवळला तर तो साधा वॉशरच.

पुढच्या गारव्याला जोडातला फरक २ अंशांच्या आत आला. तपासणीच्या तक्त्यात टॉर्कच्या रकान्याशेजारी आता 'गार असताना जोडातला फरक' असा एक रकाना आहे.