खिडकीसमोर काय आहे, तेही विचारा

घर बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, कार्पेट किती? मग पाणी किती वेळ येतं, लिफ्टला बॅकअप आहे का, मेन्टेनन्स किती. खिडकीसमोर किती मोकळी जागा आहे, हे विचारणारं माणूस मला क्वचितच भेटलं. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. दोन इमारतींमधलं अंतर हा माझ्या रोजच्या कामातला आकडा. तो आकडा माणसाच्या छातीपर्यंत कसा पोचतो, ते मी मावशीच्या घरी पाहिलं.

मावशी मानखुर्दच्या बाजूला एका पुनर्वसन इमारतीत राहते. दुसरा मजला, २२५ चौरस फूट. त्याआधी तिचं घर रुळांलगत होतं, पत्र्याचं. पक्क्या भिंती, घरात नळ, घरात संडास, या गोष्टींचा तिला झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय आणि तो अजिबात लहान नाही. पण खिडकी एकच, ओट्याच्या वर, आणि तिच्यासमोर तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय तिथे तांदूळ निवडता येत नाहीत.

ती खिडकीही बंदच असायची. दोन इमारतींमधल्या त्या बोळात वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो. भाजीची देठं, डायपर, शिळ्या भाताच्या पिशव्या. खालच्या मजल्यांवर बहुतेकांनी खिडकीला प्लास्टिक नाहीतर पत्रा ठोकलेला. मावशीनेही ठोकला होता. वास येतो, उंदीर चढतात, डास येतात. डास आहेत म्हणून संध्याकाळी कॉइल, देवापुढे उदबत्ती, मग फोडणी. सुके बोंबील भाजले की दुसऱ्या दिवसापर्यंत चादरींना वास. रात्री दार लावावंच लागतं, कारण पॅसेजमधून सतत ये-जा आणि घरात वयात आलेली नात. पंखा फुल स्पीडवर असतो, पण बंद खोलीतला पंखा तीच हवा फिरवत राहतो. नवी हवा तो कुठून आणणार?

कॉइलचं एक सांगते, कारण धूर डोळ्यांना झोंबला नाही की आपण तो विसरतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत तिच्यातून जेवढे सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून पडतात. पुण्याची चेस्ट रिसर्च फाउंडेशनही वर्षानुवर्षं हेच बजावत आलीय. खिडक्या-दारं उघडी असलेल्या घरात यातला बराचसा धूर निघून जातो. मावशीकडे तो झोपलेल्या माणसांच्या उशाशी राहायचा.

मी ऑफिसातून कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणून तिच्या कपाटावर ठेवलं. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा दहा लाखात सव्वाचारशेच्या आसपास असतो. चार माणसं झोपलेल्या त्या खोलीत पहाटे तो चोवीसशेच्या वर गेला होता. एवढ्याने कुणी आजारी पडतं असं नाही. पण खोलीतली हवा किती उष्टी आहे, ते यावरून कळतं. आपण सोडलेल्या श्वासात हा वायू साधारण चार टक्के असतो. हिशेब केला तर त्या खोलीत घेतलेल्या प्रत्येक वीस श्वासांमागे एक श्वासभर हवा आधीच कुणाच्या तरी छातीतून आलेली होती.

आणि त्या घरात वहिनीला, म्हणजे मावशीच्या सुनेला, टीबी झाला. फुप्फुसाचा.

टीबीचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून अतिशय बारीक थेंबांवर स्वार होऊन निघतात. हे थेंब जमिनीवर बसत नाहीत, बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ऊन त्यांना मारतं, वारा त्यांना विरळ करतो. मावशीकडे यातलं काहीच नव्हतं. वहिनीने सहा महिन्यांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण केला, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, आता ती ठणठणीत आहे. पण तिच्याच मजल्यावर आणखी घरांमध्ये औषधं चालू होती. शेजारणी हळू आवाजात विचारायच्या, हिने बाहेरचं काय खाल्लं, हिला कुठून लागलं. मला त्याचा फार राग यायचा. दोष त्या बाईचा नाही. तिचं घर कागदावर काढणाऱ्यांचा आहे, आणि त्या कागदावर रेघा ओढणाऱ्यांत माझ्यासारखेही आलेच.

हा माझा एकटीचा तर्क नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या, म्हणजे मानखुर्द-गोवंडी पट्ट्यातल्या, तीन वसाहती तपासल्या: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. पहिल्या दोन ठिकाणी इमारती अगदी खेटून, तिसऱ्या ठिकाणी त्या मानाने मोकळ्या. टीबीचं प्रमाण खेटून असलेल्या वसाहतींत कितीतरी जास्त निघालं. उजेड आणि हवा यांचा संबंध त्यांनी स्पष्टच मांडलाय.

उलट बाजूही मोजलेली आहे. पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत दारं-खिडक्या उघडल्यावर तासाला साधारण २८ वेळा खोलीतली हवा बदलते असं दिसलं. यंत्राने हवा खेळवणाऱ्या टीबीच्या खोल्यांसाठी शिफारस आहे १२ वेळांची. जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तर हा आकडा ४० होता, नव्या इमारतींत १७. हा शोधनिबंध २००७ चा आहे.

मुंबईला हे कळायला एवढी वाट बघायची गरजच नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी म्हणतात त्या या ट्रस्टच्याच. परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहिले. ट्रस्टने गरिबांची घरं पाडलीही भरपूर आणि त्या मानाने बांधली कमी, हे विसरता येणार नाही. पण त्यांच्याकडे एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर भाषण दिलं होतं, त्यांचा सगळा भर यावरच. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर साडेत्रेसष्ट अंशांत रेघ ओढायची, ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, निदान त्याच्या निम्मं अंतर मध्ये सोडा.

मावशीच्या इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवणारा नकाशा, मी घरी बसून काढला. तळमजला अधिक सात, उंची साधारण २३ मीटर. त्या नियमाने मध्ये साडेअकरा मीटर हवेत. आहेत तीन. रेघेचा कोन भरतो ब्याऐंशी अंशांच्या पुढे. तळमजल्यावरच्या बाईने आकाश बघायचं तर तिला मान किती मागे टाकावी लागेल, ते यावरून समजा.

आजच्या नियमांतही खिडकीचं माप असतं, मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, असते. पण कमी पडणारी मोकळी जागा प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून चालवून घेता येते आणि पुनर्वसनाच्या इमारतींना तर सवलती आणखी. मला हे चूक वाटतं. पैसे भरल्याने हवा वाढत नाही.

मावशीकडे जे जमलं ते केलं. पत्र्यात चौकोन कापून एक्झॉस्ट बसवला, बाहेर फेकणारा. मुख्य दाराला जाळीचं दार आणि त्यावर पातळ पडदा, म्हणजे लाकडी दार रात्रीही उघडं ठेवता येतं. दाराकडून हवा आत, ओट्याकडून बाहेर. कॉइल बंद, मच्छरदाणी चालू. मजल्यावरच्या बायकांनी कमिटीच्या मागे लागून बोळ साफ करून घेतला आणि वरच्या मजल्यांवर घरोघरी जाऊन भांडल्या. कार्बन डायऑक्साइडचा पहाटेचा आकडा आता हजाराच्या खाली असतो. ऊन मात्र आम्ही आणू शकलो नाही.

ज्यांच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या सभा चालू आहेत त्यांनी बिल्डरकडे फक्त फ्लोअर प्लॅन मागू नका, सेक्शन मागा. सर्वांत खालच्या राहत्या मजल्याच्या जमिनीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ काढायला लावा, समोरची इमारत अजून उभी राहायची असेल तरी. कोन किती आला तो इतिवृत्तात लिहून घ्या. कुणाला जमत नसेल तर नकाशा मला पाठवा, रेघ मी काढून देईन.