परसातली फ्रंटेनॅक आणि सोबत एक किट: या हंगामाची नोंद

तळघरात सध्या दोन कार्बॉय (वाईन ठेवायच्या काचेच्या मोठ्या बरण्या) शेजारी शेजारी उभे आहेत. एकात कॅबर्ने सोव्हिनियॉन या द्राक्षाच्या लाल वाईनचं २३ लिटरचं किट (आटवलेला रस आणि लागणाऱ्या जिनसांचा तयार संच), दुसऱ्यात परसातल्या फ्रंटेनॅक द्राक्षांची साधारण १५ लिटर वाईन. किटचं थोडक्यात आटोपतो, कारण यंदा खरं काम द्राक्षांनीच काढलं.

किट अगदी शहाण्यासारखं वागलं. तळाला बेंटोनाइट (वाईन निवळवणारी माती), त्यावर कॉन्सन्ट्रेट म्हणजे आटवलेला रस, पाणी, ओक लाकडाचा भुसा आणि ईसी-१११८ यीस्ट. सुरुवातीचं विशिष्ट गुरुत्व (साखर संपत जाते तसा हा आकडा उतरतो) १.०९०, पंधरवड्यात ०.९९४ वर येऊन थांबलं. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र नीट हलवून काढायलाच हवा. तो राहिला तर कायटोसान हे निवळवणारं द्रव्य घालूनही गाळ धड खाली बसत नाही आणि जिभेला चुणचुण लागते. साखर, आम्ल सगळं कंपनीने आधीच जुळवून दिलेलं असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी अजूनही हेच सांगतो की पहिली वाईन किटचीच कर. सायफन, रॅकिंग (गाळ मागे ठेवून वाईन दुसऱ्या भांड्यात काढणं), भांडी निर्जंतुक करणं यात हात बसला की मग द्राक्षांकडे वळ.

आता फ्रंटेनॅक. आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात पारा उणे ३० सेल्सियसपर्यंत उतरू शकतो. तिथे कॅबर्नेच्या वेली उघड्यावर टिकत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये आणलेला हा वाण टिकतो, कारण त्याच्या वंशात इथली जंगली रिपारिया द्राक्षवेल आहे. थंडी सोसण्याचा गुण तिच्याकडून आला आणि जबर आंबटपणाही तिच्याकडूनच.

माझं बालपण निफाडकडे गेलं, त्यामुळे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हे वर्षाचे दोन टप्पे डोक्यात पक्के आहेत. इथे वेल हिवाळाभर झोपलेली असते, म्हणून छाटणी एकदाच, मार्चच्या आसपास, बर्फात उभं राहून. ओलांड्यावरच्या (वेलीच्या आडव्या फांदीवरच्या) काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणल्या की झालं. मण्यांत पाणी उतरायला लागलं की लगेच जाळी चढवायची, नाहीतर रॉबिन पक्षी घड मोकळे करतात. जपानी भुंगेरे यंदाही आले. सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात. तेव्हा पानाखाली साबणाच्या पाण्याची बादली धरून झटकले की टपाटप पडतात. औषध मारावं लागलं नाही.

तोडणी सप्टेंबर अखेरीस केली. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ वर कधीच पोचला होता, पण फ्रंटेनॅकमध्ये नुसती साखर बघून तोडायचं नसतं. बिया तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटायला लागल्या आणि एकूण आम्ल १४ ग्रॅम प्रति लिटरपर्यंत उतरलं, तेव्हाच कात्री लावली. १४ म्हणजेही खूपच. चांगल्या लाल वाईनमध्ये साधारण ६ ते ७ असतं.

पुष्कळजण अशा वेळी आम्ल उतरवायला पोटॅशियम बायकार्बोनेट घालतात. सुरुवातीलाच ते घालणं मला पटत नाही. त्याने टार्टारिक आम्ल कमी होतं, पण इथला आंबटपणा मोठ्या प्रमाणात मॅलिकचा आहे, हिरव्या सफरचंदासारखा. तो जिथल्या तिथे राहतो आणि पीएच मात्र वाढतो. म्हणून मॅलिक खाणाऱ्यांनाच कामाला लावलं. पहिल्यांदा ७१बी यीस्ट, जे किण्वनातच मॅलिकचा काही भाग संपवतं. त्यानंतर मॅलोलॅक्टिक जिवाणू, जे उरलेल्या मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. सालींवर रस थोडेच दिवस ठेवला. या द्राक्षाचा रंग इतका गडद असतो की जास्त थांबून फायदा नाही. वर आलेला चोथा दिवसातून तीनदा खाली दाबत होतो. पिळल्यावर रस शाईसारखा जांभळा निघाला आणि वास थेट चेरीचा.

जिवाणूंना ऊब लागते आणि सल्फाइट (वाईन टिकवायला घालतात ते रसायन) सोसत नाही. तळघर ऑक्टोबरपासूनच गार पडतं, म्हणून कार्बॉयला तापपट्टी गुंडाळून तपमान २० अंशांच्या आसपास ठेवलंय. या कार्बॉयचा सायफन आणि बुच किटपासून वेगळं ठेवलंय, हेही आवर्जून सांगतो. किटमध्ये शेवटी सॉर्बेट (यीस्टला पुन्हा वाढू न देणारं द्रव्य) पडतं, आणि सॉर्बेट घातलेल्या वाईनमध्ये हे जिवाणू शिरले तर जिरेनियमच्या पानांचा वास येतो. तो काही केल्या जात नाही.

काम कुठवर आलंय ते कागदी क्रोमॅटोग्राफीने बघतो. कागदाच्या खालच्या कडेला वाईनचे बारीक थेंब, शेजारी तुलनेसाठी टार्टारिक, मॅलिक आणि लॅक्टिकचे थेंब. कागदाची गुंडाळी करून द्रावणाच्या बरणीत उभी करायची आणि झाकण लावायचं. द्रावणाचा वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा. रात्रभर वाळल्यावर कागद निळसर हिरवा होतो आणि आम्लांचे पिवळे ठिपके उमटतात: टार्टारिक सर्वात खाली, मॅलिक मध्ये, लॅक्टिक वर. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या कागदावर मॅलिकचा ठिपका ठसठशीत होता. परवाच्या कागदावर तो फिका पडून नुसती कडा उरलीय आणि वरचा लॅक्टिकचा ठिपका भरून आलाय. एकूण आम्ल आता ९.५. हे बघून मला झालेला आनंद ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल.

मॅलिकचा ठिपका पुरता गेला की पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (म्हणजे ते सल्फाइट) घालीन, रॅकिंग करीन आणि कार्बॉय गॅरेजमध्ये हलवीन. तिथल्या शून्याजवळच्या थंडीत पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक काचेला चिकटून खाली बसतात आणि आम्ल आणखी थोडं उतरतं. त्यानंतरही जीभ आक्रसली तर बायकार्बोनेटचा विचार, तोही आधी एका बाटलीत करून बघून.

प्रश्न उरतो टॅनिनचा, म्हणजे लाल वाईनला तुरटपणा देणाऱ्या द्रव्याचा. अशा संकरित वाणांत प्रथिनं टॅनिन धरून खाली ओढतात, त्यामुळे वरून घातलेलंही फारसं टिकत नाही. रॅकिंगनंतर मध्यम भाजलेल्या हंगेरियन ओकचे तुकडे घालायचा बेत आहे. कुणी फ्रंटेनॅकवर ओक वापरला असेल तर प्रति लिटर किती आणि किती आठवडे, ते जरूर कळवा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाईन स्वतःसाठी करता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाईन करता येत नाही, तेव्हा तिकडच्या मित्रांनी आधी ते बघावं.