लिंबाची बिअर: अर्धा ग्लास झाल्यावर बोलू

मे महिन्यात दुपारचं ऊन खाऊन घरी आलेल्या माणसाला बिअर कशी लागली हे विचारूच नये. पारा बेचाळीसच्या पुढं गेलेला, घशाला कोरड पडलेली. त्याला फ्रीजमधलं काहीही गार दिलं तरी तो वाहवा करणार. म्हणून उन्हाळ्यात त्या फळांच्या चवीच्या हलक्या बिअर दुकानात दिसायला लागल्या, की मी पहिल्या दोन घोटांना मार्कच देत नाही. निम्मा ग्लास संपू द्यायचा, उरलेली जरा कोमटायला लागली की मग नाक घालायचं. वाळूज एमआयडीसीत बिअरच्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, काही वर्षं काढली, तिथली ही खोड.

कारण साधं आहे. बर्फासारख्या गार बिअरचा वास वर येत नाही आणि जीभही अर्धी बधिर असते. आठ-दहा डिग्रीला आली, की लपलेलं सगळं बाहेर पडतं: वरून घातलेला पाक, इसेन्स, आणि माल जुना असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास.

यंदा घेतली ती लिंबाच्या चवीची गव्हाची बिअर. 500 मिलीचा कॅन, 4.5 टक्के अल्कोहोल. दुकानदारानं आधी कॅनकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "हलकी हाय साहेब ती. स्ट्राँग देऊ का?" आपल्याकडं 8 टक्क्यांपर्यंतची स्ट्राँगच खपते, पाचच्या आतलीला कोणी बिअर मानत नाही. मी तारीख बघून कॅनच घेतला. फळांचा वास सगळ्यात आधी उडतो, त्यामुळं असली बिअर जेवढी ताजी तेवढी बरी. आणि काचेच्या दाराचा फ्रीज रस्त्याकडं तोंड करून उभा असेल, तर हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीला हात लावू नये. उजेडानं हॉप्समधला, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधला, कडू अंश फुटतो आणि बिअरला घाण वास सुटतो. तपकिरी बाटलीत हे पुष्कळ कमी होतं, कॅनमध्ये होतच नाही.

चाखायला गेलो अंबडला, दाजींच्या मळ्यात. दाजींची मोसंबीची बाग आहे. 2012 च्या दुष्काळात निम्मी झाडं वाळून गेली होती, नंतर पुन्हा न्यूसेलर जातीची मोसंबी लावली. आंबट, गोड आणि कडू यांतलं त्यांना जेवढं कळतं, तेवढं कारखान्यातल्या आमच्या टेस्टिंग पॅनेलवर फार थोड्यांना कळत होतं. बिअर मात्र त्यांना एकच माहीत, स्ट्राँग.

घरात काचेचे ग्लास होते, ते ताईनं पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेले. तेच मागून घेतले. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, फेस दिसत नाही. ओतली तर फिकट पिवळी, जराशी गढूळ. गव्हाची असल्यानं ते ठीकच. फेस बोटभर आला आणि चांगला टिकला.

दाजींनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. "पाव्हणं, ह्ये तर लिंबाच्या गोळीवानी लागतंय."

मी म्हटलं, "दाजी, थांबा जरा. अर्धी होऊ द्या."

अर्धी झाल्यावर मलाही तेच म्हणावं लागलं. वास लिंबाचा होता, पण सालीचा नव्हता. कागदी लिंबाच्या सालीला नख लावलं, की बोटाला तेल लागतं आणि तो झणका तासभर जात नाही, त्यातलं काहीच इथं नव्हतं. मागून गोडवा, आणि तो गोडवा गिळल्यावरही ओठांना चिकटून राहिलेला. कॅनवर बारीक अक्षरात लिहिलंच होतं, सुगंधी द्रव्य घातलंय म्हणून.

इथंच बहुतेक जण फसतात. फळाची बिअर म्हणजे गोड बिअर, असं धरून चालतात. खरं फळ आंबवताना घातलं, तर त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागं उरतो तो आंबटपणा, वास आणि थोडा तुरटपणा. बेल्जियममध्ये आंबट चेरी कित्येक महिने लँबिक, म्हणजे हवेतल्या रानटी यीस्टवर आंबलेल्या, बिअरमध्ये मुरवून क्रीक नावाची बिअर करतात. जुन्या पद्धतीची क्रीक आंबट आणि कोरडी असते, सरबताची आशा धरून पिणारा तोंड वाकडं करतो. बिअर गोड लागली, म्हणजे बहुतेक वेळा साखर किंवा रस आंबवण झाल्यावर आलाय. तो गुन्हा नाही, पण मग त्याला तोलायला आंबट किंवा कडू काहीतरी हवं.

फळ न घालताही फळ येतं, ही मला या धंद्यातली सगळ्यात आवडती गोष्ट. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो निव्वळ यीस्टचा. चांगली ताजी मिळाली, तर अर्धापूरच्या केळीच्या वखारीत उभं राहिल्यासारखं वाटतं. बेल्जियमच्या हूगार्डन गावात गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची वाळलेली साल आणि धने घालतात. गावातला या बिअरचा शेवटचा कारखाना 1957 मध्ये बंद पडला. पुढं पियर सेलिस नावाच्या तिथल्याच दूधवाल्यानं 1966 मध्ये ती पुन्हा सुरू केली. धने म्हटल्यावर ताई हसली, "मग जिरे पण टाका की."

दाजींचा प्रश्न सरळ होता: "मोसंबीची कामून काढत न्हाईत?" उत्तर त्यांना स्वतःलाच ठाऊक आहे. मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा, ठेवला की कडू होतो. फळ फुटेपर्यंत त्यात कडूपणा नसतो. रस काढताना गराचा आणि पांढऱ्या सालीचा चुरा होतो, त्यातला एक बिनकडू पदार्थ रसातल्या आम्लात हळूहळू बदलून लिमोनिन होतो, आणि ते कडू. उकळलं तर आणखी लवकर. त्यात मोसंबीला आंबटपणा मुळात कमी, त्यामुळं साखर गेली की रसात जीव उरत नाही. वरची पिवळी साल किसून वापरली तर काही जमेल, पांढरं अजिबात न येऊ देता. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राला हा उद्योग सुचवावा, असं दाजींचं मत.

कॅन संपला तसं दाजींनी आपला इलाज काढला. साधी माइल्ड बिअर अर्धा ग्लास, वर ताज्या लिंबाचा सोडा, साखर नावाला. जर्मनीत याला रॅडलर म्हणतात आणि तिथं लोक ती उन्हात सायकल हाणून आल्यावर पितात. अल्कोहोल दोन-अडीच टक्क्यांवर येतं. दाजींना याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सवयीनं चिमूटभर काळं मीठ टाकलं. मिठाचा कण पडताच सगळा वायू एकदम सुटला आणि फेस ग्लासातून बाजेवर, बाजेवरून दाजींच्या धोतरावर. उरलं त्याला उकडलेल्या अंड्याचा वास, काळ्या मिठात गंधक असतं म्हणून. दुसऱ्या ग्लासात साधं मीठ, अगदी दोन कण, आधी सोड्यात विरघळवून. हे मात्र जमलं. जर्मनीत गोझ नावाची मीठ आणि धने घातलेली आंबट बिअर आहेच, तेव्हा दाजी काही वेगळं करत नव्हते.

चखण्याला ताईनं तिखट शेंगदाणे केले होते. ते बाजूला ठेवले, हलकी बिअर लाल तिखटापुढं टिकत नाही. काकडी आणि साधे फुटाणे पुरे.

आता मार्क. बिअरच्या स्पर्धांचा 50 गुणांचा तक्ता असतो: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला भरीवपणा 5, एकूण मत 10. कॅनला माझ्याकडून वास 5, रूप 3, चव 8, भरीवपणा 3, एकूण 4. झाले 23. दुपारी दोनला गार प्यायलो असतो, तर तीसच्या वर दिले असते. लिंबू-सोड्याच्या ग्लासाला तक्ता लावायला दाजींनी नकार दिला. पुढच्या खेपेला येताना माइल्डच्या दोन बाटल्या जास्तीच्या आणा आणि ह्ये लिंबाचं डबडं आणू नका, एवढंच म्हणाले.