आत्या विचारते, राक्षस कुठे गेले

मंगळवार, रात्री उशिरा

कूलरमधलं पाणी संपलंय आणि खाली जाऊन मोटर लावायचा कंटाळा आलाय. झोप तशीही येणार नव्हतीच.

आत्याचा फोन होता. आहेराच्या साड्यांचं बोलता बोलता मध्येच म्हणाली, "तुह्या त्या राक्षसाच्या कादंबऱ्या मस्त होत्या बाई. आता काऊन नुसतं सैपाकघरातलं लिहून राहिली?" आणि लगेच पुन्हा साड्यांवर. माझं मात्र डोकं तिथेच अडकलं.

पहिल्या पुस्तकात राजपुत्र, तलवार आणि अंबाझरीएवढ्या तलावात वेटोळं घालून बसलेला सर्प. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, नुसता उत्साह होता. आता चेटकीण पहाटे उठून नळाला पाणी यायची वाट बघते ते वाक्य जमायला आठवडा जातो, आणि लोकांना हवा सर्प! वीस वर्षं घासायचं कशासाठी मग? यांचं मत विचारण्यात अर्थ नाही. ते वाचतच नाहीत. असो.

अर्सुला ल ग्विन बाईंना काढून बसले, त्या जादूच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका. अर्थसी म्हणजे त्यांचं कल्पनेतलं बेटांचं जग. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८चं. गोंट बेटावर बकऱ्या राखणारा गेड मोठा जादूगार होतो. बायकांच्या वाट्याला गावठी चेटूक, आणि ते कसं दुबळं नि दुष्ट असतं हे सांगणाऱ्या म्हणी. दुसऱ्या पुस्तकात तेनार आली, थडग्यांची पुजारीण असलेली मुलगी, पण थडग्यांच्या अंधारातून ती बाहेर पडते ती गेड आल्यावर. १९७२मध्ये तिसरं. मग अठरा वर्षं या मालिकेची कादंबरी नाही.

आणि १९९०मध्ये 'तेहानू'. तेनार आता विधवा, पोरं मोठी झालेली, शेतावर राहते, आगीत भाजलेल्या एका मुलीला सांभाळते. ड्रॅगनच्या पाठीवरून गेड येतो तो जादू संपलेला, खचलेला. जगाचा सगळ्यात मोठा जादूगार तिच्या घरात जेवणानंतर भांडी घासतो, आणि तिचा तरणाताठा मुलगा म्हणतो, हे बायकांचं काम. इथे मी दरवेळी पुस्तक मिटून जरा वेळ बसते.

पहिलं पुस्तक बाईंनी बदललं नाही. म्हणी तिथेच आहेत, बेट तेच. फक्त त्या म्हणी ज्यांच्याबद्दल होत्या, त्यांच्या घरात ल ग्विन बाई स्वतः जाऊन बसल्या. वाचक तेव्हाही चिडले होते म्हणे. म्हणे कशाला, कॉलेजात मीच चिडले होते. धरमपेठेतल्या खोलीत रूममेटला तणतणत सांगितलं होतं, म्हातारी झाल्यावर बाई बोअर करायला लागली. म्हणजे मी आत्याच की! तीही साड्या नेसून नव्हे, हॉस्टेलच्या गाऊनमध्ये.

आणखी गंमत म्हणजे 'तेहानू'वर त्यांनी 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१मध्ये आणखी दोन आली. त्यांनाही कुठे ठाऊक होतं.

तरी आत्याचं बोलणं टोचतंच. वाचून तरी टोमणा मारते, एवढं खरं. घरात बाकी कोण वाचतं?

दिवाळी अंकाला चेटकिणीचीच कथा देणार. संपादकांनी राक्षस मागितलाय. एक टाकते शेवटी, लहानसा. नळाच्या रांगेत उभा करते.